बेळगावात नव्यानं आलात? जेवायला बसण्याआधी गल्ल्यामागचा फोटो बघा

बदलीवर, शिकायला किंवा उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात नोकरीला आलेला मराठी माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो, "अस्सल बेळगावी जेवण कुठल्या हॉटेलात मिळतं?" हॉटेलात मिळत नाही. ते घरात मिळतं, लग्नाच्या पंगतीत मिळतं, आणि मांडे करणारे हात अजून ज्या गल्ल्यांत शिल्लक आहेत तिथं ऑर्डर देऊन मिळतं. या शहरातला हॉटेलधंदा बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्यांनी उभा केला. उडपी-कुंदापूरचे शेट्टी आणि कामत, मारवाडातले मिठाईवाले, हासनकडचे अय्यंगार बेकरीवाले, केरळचे पराठेवाले, आंध्रचे मेसवाले, आणि अलीकडे नेपाळ-दार्जिलिंगकडची मोमोवाली पोरं. 'बेळगावचा कुंदा' म्हणून पाहुण्यांच्या पिशवीत जो डबा जातो, तोसुद्धा राजस्थानातून आलेल्या हलवायांच्या हातून नावारूपाला आला. शेजारच्या धारवाडचा पेढा तर उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याचा. म्हणून इथं पोटाची नीट सोय लावायची तर प्रश्न बदला. काय चांगलं मिळतं हे मागाहून, आधी मालक कुठून आला ते विचारा.

कारण मेनू कार्डावर सगळीकडे सगळं असतं. उडप्याकडे पनीर बटर मसाला, बिर्याणीवाल्याकडे शेजवान राईस, खानावळीत व्हेज कोल्हापुरी. गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून ते ठेवावं लागतं. त्या कार्डावरच्या शंभर नावांपैकी मालकाच्या स्वतःच्या घरात शिजतात ती दहा-बारा शोधायची आणि तीच मागवायची. पुढचं सगळं ती कशी शोधायची याबद्दल.

आधी शहर पायाखाली घाला

पहिल्या दोन-तीन संध्याकाळी काही न खाता नुसतं फिरा. बेळगाव मोठं नाही, पण कुठल्या भागात कोण राहतं यावर तिथलं खाणं ठरतं.

गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडेबाजार, किर्लोस्कर रोड ही बाजारपेठ. इथं चहा, नाश्ता, मिठाई, भेळ-पाणीपुरी. दुकानं बंद झाली की रस्ता ओस पडतो, त्यामुळं रात्री दहाला पोट घेऊन इथं येऊ नका. कॅम्प म्हणजे छावणी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलं, त्यामुळं देशभरातले जवान आणि त्यांची कुटुंबं. मासळी बाजारही कॅम्पातच. टिळकवाडीत पहिलं, दुसरं, तिसरं रेल्वे गेट अशी ठिकाणं सांगायची पद्धत आहे. पत्ता विचारताना रस्त्याचं नाव घेतलंत तर लोक गोंधळतील, गेटाचा नंबर सांगा. कॉलेजं आणि भाड्याच्या खोल्या तिकडे, म्हणून मेसही तिकडे. नेहरूनगरच्या बाजूला मेडिकल कॉलेज आणि मोठं हॉस्पिटल. तिथं आंध्र, केरळ, उत्तर भारत अशी सगळीकडची पोरं असल्यानं त्यांच्या-त्यांच्या चवीच्या मेस उगवल्या आहेत. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा पट्टा, खानावळींसाठी सगळ्यात भरवशाचा. उद्यमबाग ते मच्छे फौंड्र्यांचा इलाखा. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाच्या कामगारांसाठी डाळ-भात-भाजीच्या साध्या टपऱ्या तिथं असतात, आणि दुपारी एकच्या आत गेलात तर स्वस्तात गरम जेवण होतं.

रिक्षा मीटरनं जात नाही. बसण्याआधी भाडं ठरवा, रात्री तर नक्कीच.

गल्ल्यामागचा फोटो

हॉटेलात शिरलात की मेनू कार्ड मागण्याआधी गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यावर बघा. तिथं हार घातलेला एक फोटो असतो, कधी तीन-चार. मालकाचं गाव त्यात लिहिलेलं असतं.

उडपीचा कृष्ण, कोल्लूरची मूकांबिका, धर्मस्थळचा मंजुनाथ, कटीलची दुर्गापरमेश्वरी यांपैकी कोणी असेल तर माणूस किनारपट्टीचा. पाटीवर शुद्ध शाकाहारी असेल तर इडली, डोसा, बन्स, गोळीबजे म्हणजे मैद्याची गोल भजी. पाटीवर बार असेल तर मासे आणि चिकन सुक्का. बसवेश्वर, हुबळीचे सिद्धारूढ किंवा एखाद्या मठाचे स्वामी दिसले तर ज्वारीची भाकरी मागवा आणि गव्हाच्या पोळीचा विचार सोडा. शिवाजी महाराज आणि सौंदत्तीची यल्लम्मा शेजारी-शेजारी असतील तर मराठा खानावळ, तिथं रस्सा. रामदेव पीर किंवा नाकोडा भैरव म्हणजे मारवाडी, तिथं कचोरी, मिरची वडा, मिठाई. काबा किंवा अजमेरचा दर्गा असेल तर बिर्याणी. जुन्या गोव्याचा सेंट झेवियर किंवा मेरीमाता असेल तर मासे आणि बहुधा चांगला पाव. दलाई लामांचा फोटो क्वचित दिसतो. मुंडगोडला तिबेटी वसाहत आहे, तिकडची माणसं इकडं येऊन-जाऊन असतात. तो दिसला तर थुक्पा, म्हणजे नूडल्सचं तिबेटी सूप, मागा.

अय्यप्पा आणि तिरुपती बालाजी यांच्यावरून काही ठरवू नका. ते सगळ्यांकडे असतात.

नव्या, काचेच्या, वातानुकूलित हॉटेलांत फोटो नसतो. तिथं कान वापरा. वेटर ऑर्डर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत कुठल्या भाषेत ओरडतो ते ऐका. तुळू ऐकू आली तर किनारा, हिंदी ऐकू आली तर आचारी बहुधा नेपाळ किंवा ओडिशाचा आणि चायनीज बरं असणार. मालक एकीकडचा आणि आचारी दुसरीकडचा हे आता फार वाढलं आहे, आणि अशा वेळी फोटोपेक्षा खिडकी खरी.

उडप्याकडे वेळ पाळा

उडपी हॉटेल सकाळचं. सात ते साडेदहा या वेळात इडली, वडा, उप्पीट, शिरा, सेट डोसा ताजं असतं. बन्स म्हणजे पिकलेल्या केळ्याची फुगलेली गोडसर पुरी, ती सकाळीच संपते. गोळीबजे दुपारी चारनंतर. सांबार गोड लागेल, तक्रार करू नका, त्यांच्याकडे त्यात गूळ पडतोच. आमटीसारखं झणझणीत हवं असेल तर तुम्ही चुकीच्या हॉटेलात बसला आहात.

दोघं असाल तर 'बाय टू' मागा. एक चहा किंवा कॉफी दोन पेल्यांत वाटून देतात. त्यात कमीपणा नाही. लाखांची उलाढाल करणारे व्यापारीसुद्धा इथं बाय टू पितात. कॉफी घ्या, चहा नाही. मालक कॉफीवर वाढलेला असतो, चहा तो आपल्यासाठी ठेवतो.

अय्यंगार बेकरीतून खारा बन, दिलपसंद आणि काँग्रेस शेंगदाणे घ्या. हे शेंगदाणे कढीपत्ता-मसाल्यातले, पावसाळ्याच्या संध्याकाळी खोलीवर असायलाच हवेत.

खानावळ

ही नीट समजून घ्या, कारण इथं महिनाभर राहिलात तर पोट हीच सांभाळणार आहे.

लिंगायत खानावळ बाहेरून काही दिसत नाही. एक खोली, चार-सहा टेबलं, आत कुठंतरी भाकरी थापल्याचा आवाज. पाटी कन्नडमध्ये. कायद्यानं आता पाटीचा 60 टक्के भाग कन्नडच लागतो, त्यामुळं मराठी मालकाची पाटीही कन्नडच दिसेल. पाटी वाचता येत नाही म्हणून पुढं जाऊ नका, आत डोकावा.

बसलात की ताट येतं. काय हवं असं कोणी विचारत नाही. ज्वारीची भाकरी मऊ हवी की कडक एवढंच विचारतात. मऊ सांगा. कडक भाकरी महिनाभर टिकणारी, ती विकत घेऊन खोलीवर ठेवायची. ताटात भरली वांगी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, एखादी पालेभाजी, झुणका, शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची पुडी चटणी, दही, कच्चा कांदा, काकडी, मेथीची कोवळी पानं. चटणीवर दही घालून कालवा किंवा वर तेल सोडा. कच्ची मेथी भाकरीच्या तुकड्याबरोबर खातात. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल आणि तरीही चव वेगळी लागेल. वांग्यात शेंगदाणा, तीळ आणि कारळं जास्त, गरम मसाला कमी.

भाकरी संपली की दुसरी आपोआप पडते. पुरे झालं तर हात आडवा धरा आणि "साकु" म्हणा. भात शेवटी येतो, त्याची जागा ठेवा. दुपारी बारा ते अडीच ही खरी वेळ. तीनला गेलात तर भाकरी असेल, वांगी नसतील.

मटण हवं असेल तर सावजी. नागपूरकरांनी हे वाचून उडी मारू नये. हुबळी-गदग-बेळगाव पट्ट्यातले सावजी म्हणजे सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय, लोक त्यांना एसएसके म्हणतात. त्यांचा मूळ धंदा विणकामाचा, घरातली बोली निराळी. रस्सा लालभडक आणि तिखट, खिम्याचे उंडे हा त्यांचा खास पदार्थ. पहिल्या दिवशी अर्धी प्लेट घ्या. तिखट कमी हवं असेल तर "खारा कम्मी माडरी" म्हणून बघा, पण रस्सा सकाळीच होऊन गेलेला असतो, तो तुमच्यासाठी बदलणार नाही. ताक घेऊन ठेवा.

मराठा खानावळीत तांबडा-पांढरा मिळतो. कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, तिकडचा हात इथं जाणवतो. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि श्रावणभर गर्दी कमी आणि माल जुना असण्याची शक्यता जास्त. बुधवार, शुक्रवार, रविवार धरा.

मेस लावताना

पैसे भरण्याआधी तीन वेगवेगळ्या दिवशी पैसे देऊन जेवून बघा, त्यात एक सोमवार असू द्या. रविवारी सगळे चांगलं घालतात. मग या गोष्टी ठरवा: रविवारी रात्री मेस चालू असते का (बहुतेक ठिकाणी नसते), गावाला गेलात तर किती दिवस आधी सांगितल्यावर दिवस पुढं सरकतात, पाहुणा आणला तर जादा किती, आणि डबा खोलीवर येतो का. कूपन पद्धत असेल तर महिन्याऐवजी कूपनं घ्या. दर महिन्याला गावाकडे पळणाऱ्यांना तीच परवडते.

आंध्र मेसमध्ये 'मील्स' म्हणजे भातच. पप्पू म्हणजे डाळ, सांबार, रसम, गोंगुरा म्हणजे अंबाडीची चटणी, पुडी आणि तूप. पोळीवर वाढलेल्या माणसाला आठ दिवसांत कंटाळा येतो, तरी आठवड्यातून एकदा जायला उत्तम. महिना तिथं लावू नका.

मासे

बेळगावला समुद्र नाही, पण गोवा, कारवार आणि वेंगुर्ल्याच्या बाजूचा माल घाट चढून येतो. म्हणून माशाचा हिशेब पंचांगानं करा. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. या दोन महिन्यांत 'ताजी सुरमई' लिहिलेली असली तरी ती बर्फातली, किंवा मासा गोड्या पाण्यातला. त्या दिवसांत सुकट, खारा बांगडा मागा, खानावळवालाही खूश होईल. पावसात गोव्याकडून येणारा चोर्ला घाट अडला की त्या दिवशीचा माल येत नाही, हेही लक्षात ठेवा.

किनारपट्टीच्या माणसाकडे बांगडा पुळीमुंची, म्हणजे चिंच-मिरचीतला, मागवा, गोवेकराकडे रवा लावून तळलेला. दोघांकडे उलट मागवलंत तर दोघांचाही मान जातो. चिकन घी रोस्ट कुंदापूरचं, ते नीर डोशाबरोबर खायचं, बटर नानबरोबर नव्हे. इतकं सांगूनही लोक नान मागवतातच.

गाडे

संध्याकाळी चुरमुऱ्याचं गिरमिट आणि मिरची भजी. पाणीपुरीवाले बहुतेक उत्तरेचे, त्यांच्याकडे पाणी कुठून भरतात ते एकदा बघून घ्या. गोबी मंच्युरियन हे या भागाचं जणू संध्याकाळचं व्रत आहे. कर्नाटक सरकारनं मार्च 2024 मध्ये त्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तरी प्लेट शेंदरी-लाल चकाकत असेल तर तो गाडा सोडा. बंदी पाळणाऱ्याची गोबी तपकिरी दिसते. मोमो वाफेचे घ्या, तळलेल्यात कालचे खपतात.

बार

महाराष्ट्रातून येणाऱ्याला इथं आधी नियम वेगळे आहेत हे समजायला हवं. तिकडं दारू प्यायला वैयक्तिक परवाना लागतो, निदान कागदावर. इथं लागत नाही. वय मात्र 21 पूर्ण हवं. कॉलेजातल्या मुलांनी आधार कार्ड बरोबर ठेवावं.

भिंतीवर परवाना टांगलेला असतो, त्यावरचा क्रमांक बघा. सीएल-2 म्हणजे दुकान. बाटली घ्यायची आणि घरी जायचं. तिथल्या काउंटरला टेकून उभ्यानं पिणारे दिसतील, पण तो नियमभंग आहे आणि धाड पडली की त्यात गिऱ्हाईकही सापडतं. सीएल-9 म्हणजे बसून प्यायचा बार. सीएल-7 म्हणजे खोल्या असलेलं लॉजिंग, त्याचा बार. याखेरीज सरकारी एमएसआयएलची दुकानं आहेत, छापील किमतीला विकणारी. दुकानात छापील किमतीवर एक रुपयाही जास्त देऊ नका. बारमध्ये मात्र जास्त पडते, त्यात सेवा धरलेली असते, म्हणून बसल्या-बसल्या दरपत्रक मागून घ्या. साधे बार ते भिंतीवर लावतात. नव्या ठिकाणी ते मोबाइलवर येतं आणि तिथं दुप्पट लागू शकते.

मापं 30, 60, 90 आणि 180 मिलीलीटरची. 'नाइन्टी' हा शब्द इथं दर टेबलावर ऐकू येईल. बाटली आपल्यासमोर उघडायला सांगणं किंवा पेग समोर मोजायला सांगणं यात कोणी रागावत नाही. रागावला तर उठा. अरक, म्हणजे पूर्वीची पिशवीतली दारू, राज्यात 2007 पासून बंद आहे. खेड्याकडच्या टपरीत कोणी 'गावठी' म्हणून काही पुढं केलं तर हात लावू नका, जीव जाण्याचा प्रश्न असतो.

बार कसा निवडायचा? पुन्हा गल्ल्याकडे बघा. शेट्टींचा बार असेल तर जेवण नक्की जमतं, कारण त्यांच्या मते बार म्हणजे दारू ठेवणारं हॉटेल. चिकन सुक्का, अंजल म्हणजे सुरमई तव्यावर, उकडलेली अंडी मिरीपूड घालून. स्थानिक मराठा किंवा लिंगायत मालकाच्या बारमध्ये मटण सुक्कं, शेंगदाणा मसाला, ताजी काकडी. तिथं गप्पा जास्त आणि लोक एकमेकांना ओळखणारे. नवख्यानं अशा ठिकाणी कोपऱ्यातलं टेबल घ्यावं आणि पहिल्या फेऱ्यांत ऐकावं. रोज संध्याकाळी त्याच खुर्चीवर बसणारा एखादा निवृत्त माणूस प्रत्येक बारमध्ये असतो. ती खुर्ची रिकामी दिसली तरी बसू नका.

बाहेर 'फॅमिली' लिहिलं असेल तर आत वेगळं दालन, बऱ्याचदा वेगळा जिनाही. बायका-मुलींनी एकट्यानं किंवा मैत्रिणींबरोबर जायचं तर ते दालन किंवा मोठ्या हॉटेलांची गच्ची धरावी. गल्लीतल्या बारच्या तळमजल्यावर अजूनही नजरा वळतात, हे लपवून उपयोग नाही. महामार्गाला काकतीच्या बाजूला आणि वेंगुर्ला रस्त्याला हिंडलग्याच्या पुढं बागेतले ढाबे आहेत, तिथं मोकळं वाटतं. पण परतीचं वाहन आधी ठरवा. रक्तात 100 मिलीलीटरला 30 मिलीग्रॅमच्या वर सापडलात तर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

सीमेचा विषय राहिला. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून येताना बॅगेत दोन-चार बाटल्या टाकायचा मोह सगळ्यांना होतो. परवान्याशिवाय आणलेली गोव्याची दारू इथं गुन्हा आहे. चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीला तपासणी नाका आहे आणि बसमधल्या बॅगाही उघडतात. तसंच उलट: इथली बाटली घेऊन चंदगडकडे निघालात तर शिनोळीला महाराष्ट्र लागतो आणि कायदा बदलतो. आणखी एक आमिष इथलंच, 'मिलिटरी कोट्यातली' बाटली. ती फक्त सैन्यदलातल्यांना विकायची असते, तसं तिच्यावर छापलेलंही असतं. ओळखीतून मिळाली तरी घेऊ नका.

बारमध्ये एकच पथ्य. सीमाप्रश्न काढायचा नाही. हा विषय इथं वर्तमानपत्रातला नाही, घरातला आहे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे वडील कुठल्यातरी बाजूनं मोर्च्यात गेलेले असतात. मराठीत बोलायला कसलीच अडचण नाही, वेटर तुमच्या तोंडाकडे बघून भाषा निवडतो. फक्त दुसऱ्याच्या भाषेवरून विनोद करू नका, आणि कन्नडमधले चार शब्द शिकून घ्या. ऊट म्हणजे जेवण, नीरु म्हणजे पाणी, एष्टु म्हणजे किती, साकु वर आलंच. प्रत्येकाच्या शेवटी 'री' लावा, तो आपल्या 'हो-जी'सारखा मान आहे. मालकाला अण्णा, खानावळीतल्या बाईंना अक्का. मराठी खानावळीत मामा आणि मावशी चालतं. 'ए वेटर' कुठंच चालत नाही.

बिल

साध्या हॉटेलात जेवणावर जीएसटी 5 टक्के. दारूवर जीएसटी लागत नाही. बारचं बिल आलं की जेवण आणि दारू वेगळं मांडलं आहे का बघा, काही ठिकाणी सगळ्या बेरजेवर 5 टक्के लावून मोकळे होतात. नम्रपणे दाखवलं की लगेच दुरुस्त करतात. बिलावर 'कॉम्पोझिशन' असं लिहिलं असेल तर त्या हॉटेलला गिऱ्हाईकाकडून जीएसटी घेताच येत नाही. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, 2022 पासून तशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत. अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक बिलावर असायला हवा. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915. बक्षिसी टेबल पुसणाऱ्या पोराच्या हातात द्या, गल्ल्यावर ठेवलेली त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

कधी काय बंद

रमजानच्या महिन्यात मुसलमान मालकांची हॉटेलं दिवसा बरीचशी बंद, संध्याकाळी मात्र दरबार गल्लीच्या बाजूला जायलाच हवं. मारवाडी दिवाळीत तुफान कामात असतात, गावाला जातात ते लग्नसराईत किंवा होळीला. किनारपट्टीचे आचारी घरच्या भूतकोलाला, म्हणजे गावदैवतांच्या उत्सवाला, जातात, तो हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. नेहमीचं सांबार एकदम बिघडलं तर हेच कारण असू शकतं, आठ-दहा दिवस थांबा.

1 नोव्हेंबरला बाहेर जेवायचा बेत करू नका. 1956 मध्ये याच तारखेला बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. चन्नम्मा चौकाच्या बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, मराठी भागात काळा दिवस आणि बंद दुकानं. दूध, पाव, फळं आदल्या दिवशीच आणा. गणेश विसर्जनाला, 2 ऑक्टोबरला आणि मतदान संपण्याआधीचे 48 तास दारू बंद असते. सीमेलगत निवडणूक कुठल्याही बाजूला असली तरी पलीकडे आधी विचारून मगच निघा.

डिसेंबरमध्ये इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. बंगळूरहून मंत्री, आमदार, अधिकारी, पोलीस, पत्रकार आणि मोर्चे सगळं एकदम उतरतं. लॉज भरतात, बरी हॉटेलं रात्री आठलाच 'फुल' म्हणतात, बारमध्ये ओळखीच्यालाच जागा. त्या काळात घरचे भेटायला येणार असतील तर खोली महिनाभर आधी बघा, आणि जेवायला शहापूर-वडगावच्या खानावळींकडे न्या. तिकडं आमदार फिरकत नाहीत.